गोणपाटाखालचा लव्हाळा

आमच्या घरात आई सर्वांना रागावे. मला रागावे, गाईला रागावे, शेजारच्या गंगाकाकीच्या कोंबड्यांना रागावे, आणि चुलीत घातलेले लाकूड ओले निघाले तर त्या लाकडालाही रागावे. बाबांना मात्र ती कधी रागावली नाही. बाबा मुंबईला गिरणीत होते. शिमग्याला चार दिवस आणि गणपतीला आठ दिवस ते घरी येत, आणि तेवढे दिवस घर त्यांच्याभोवती फिरे. निळ्या फुलांची एक कपबशी होती. ती फडताळातून त्यांच्यासाठी खाली उतरे. आम्ही बाकीचे जर्मनच्या पेल्यांतून चहा पीत असू. बांगड्याचा मधला तुकडा त्यांच्या पानात पडे, शेपूट माझ्या. सकाळी पेजेऐवजी घावणे होत. ते गेले की कपबशी धुऊन पुन्हा वर जाई आणि आई दुसऱ्या दिवशीपासून नेहमीसारखी मोठ्याने बोलू लागे. घरचा माणूस आणि पाहुणा यांत आमच्याकडे काय फरक होता, तो मला फार लहानपणी असा कळला.

मग गिरणी बंद पडली. सगळ्यांच्याच गिरण्या त्या सुमारास बंद पडल्या. त्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, मी त्यात भर घालत नाही. थंडीच्या दिवसांत एका दुपारी बाबा लांज्याच्या गाडीतून उतरले, डोक्यावर पत्र्याची ट्रंक आणि काखेत वळकटी घेऊन घाटी चढून आले. नेहमी ते पिशवी घेऊन येत. ट्रंक पाहून आई दारात उभी राहिली, ती बाजूला व्हायला थोडा वेळ लागला. मग आत गेली आणि कपबशी काढली.

पंधरा दिवस घावणे झाले. एक महिना झाला. कपबशी खालीच राहिली. बाबा साळखात्यात होते, म्हणजे कापड विणायच्या सांच्यांवर. त्या आवाजात वर्षे काढलेली माणसे मोठ्याने बोलतात आणि हळू बोललेले त्यांना ऐकू येत नाही. आईचा बाबांशी बोलण्याचा आवाज हा पाहुण्यांशी बोलण्याचा आवाज होता. पदराआडून, खालच्या पट्टीत. ती काही म्हणे, बाबा मान हलवत, आणि तिला वाटे की ते समजले. ते समजलेले नसे. मी मधे बसलेला असलो तर मोठ्याने परत सांगत असे. त्या वर्षी मी दहावीची परीक्षा देऊन घरी होतो आणि मला वाटते, आईबाबांच्या संसारातील निम्मे बोलणे त्या काही महिन्यांत माझ्या तोंडून झाले.

बाबांना काम नव्हते, असे म्हणणे बरोबर होणार नाही. घरात कामे होती, परंतु प्रत्येक कामाला आधीच माणूस होता. ते कुऱ्हाड घेऊन लाकडे फोडायला गेले की आई म्हणे, "असू दे. तुमी बसा, वसंत फोडील." गाईला पाणी दाखवायला गेले तर गाय त्यांना शिंगे दाखवी. मग ते ओटीवर येऊन बसत आणि समोरच्या कातळाकडे पाहत. शिमग्याला वाडीतले दौलतकाका मुंबईहून आले. ते एका नव्या इमारतीच्या कामावर देखरेखीला होते.

"इमारत पुरी होतेय," ते बाबांना म्हणाले. "गणपतीनंतर वाचमन लागणार. तुझं नाव सांगून ठेवलंय. खोली मिळेल जिन्याखाली. बोल."

"विचार करतो," बाबा म्हणाले.

"इथं काय करणार हायस? ओटी राखणार? ओटी काय कोण चोरून नेत नाय."

आई पाणी घेऊन आली होती. तिने तांब्या खाली ठेवला. दौलतकाका हसत म्हणाले, "गणपतीत येईन तेव्हा सांग हो की नाय ते." तेव्हापासून गणपती हा आमच्या घरात सण राहिला नाही, मुदत झाली. बाबांनी जावे असे आईला वाटत होते की राहावे असे, हे मला कळत नव्हते. तिला तरी ते नीट ठाऊक होते की नाही, याची मला आजही खात्री नाही. न बोलावलेला पाहुणा आणि न विचारलेला प्रश्न दोन्ही घरात तसेच ठेवून ती कामाला जाई.

घरामागे आमचे परडे होते. चिऱ्यांच्या गडग्याने बांधलेले, न्हाणीच्या सांडपाण्यावर जगणारे. अळू, लाल माठ, चार वांगी, दोन केळी, आणि गडग्याच्या कडेने आईने माहेराहून आणलेल्या हळदीचे वाफे. कातळावर माती नसते. ती आणावी लागते. एका वर्षी आईने नदीकाठच्या मळीतून टोपल्या टोपल्यांनी माती आणून वाफे भरले होते आणि त्या मातीबरोबर लव्हाळा आला. ज्याने लव्हाळा उपटला आहे त्याला सांगायला नको, आणि ज्याने उपटला नाही त्याला सांगून कळणार नाही. वरचे पाते हातात येते, खालची गाठ जमिनीत राहते, आणि चार दिवसांत त्या जागी दोन पाती उभी असतात. आई दरवर्षी बेणणी, म्हणजे खुरपणी, करी आणि दरवर्षी लव्हाळा एक वाफा पुढे सरके. त्या वर्षी हळदीचे तीनच कोंब टिकले होते.

एका सकाळी चहा देताना ती म्हणाली, "हळद औंदा जाते वाटतं."

बाबांनी मान हलवली.

"हळद मरतेय म्हणते," मी ओरडून सांगितले. "लव्हाळ्यानं."

बाबांनी बशी खाली ठेवली आणि पहिल्यांदाच परड्यात जाऊन उभे राहिले. बराच वेळ उभे होते. परत आले ते विचार पक्का करून आले होते. जमीन झाकायची. उजेड मिळाला नाही की गवत मरते, हे त्यांनी मुंबईत कुठेशी सामानाखाली दबलेल्या जागेवर पाहिले होते.

झाकायला पातेरा हवा होता. तो मागण्याची सोय नव्हती. आमच्याकडे झाडाखालचे वाळलेले पान म्हणजे कचरा नव्हे. ते गोळा करून भाताच्या रोपांच्या जागेवर पसरतात आणि जाळतात. ती भाजवळ झाली नाही तर तरवा नीट येत नाही, आणि तरवा नीट आला नाही तर वर्षाचे भात नाही. आईने पातेऱ्याचे भारे आधीच रचून ठेवले होते. पेंढा गाईचा होता. म्हणून बाबा लांज्याच्या बाजारात गेले आणि वाण्यांकडून फाटक्या गोण्या घेऊन आले.

त्यांनी पुढे जे केले ते फक्त साळखात्यातला माणूसच करील. त्यांनी गोण्या उसवल्या, धुतल्या, गडग्यावर वाळवल्या, आणि दाभण व सुतळी घेऊन ओटीवर बसले. फाटलेल्या प्रत्येक जागी ठिगळ. जोडाला जोड दुहेरी शिवलेला. गोणपाटाचा तागा तयार झाला तेव्हा त्यात बोट जाईल एवढेही भोक नव्हते. हळदीचे उरलेले गड्डे आधी उकरून बाजूला ठेवले आणि तागा आम्ही दोघांनी वाफ्यांवर अंथरला. सुरकुती पडली की बाबा खाली बसून ती हाताने काढत. कडांवर चिरे ठेवले. मला त्यांच्याबरोबर काम करायची सवय नव्हती. ते "ओढ" म्हणत, मी ओढत असे. दिवसभरात याहून अधिक बोलणे झाल्याचे आठवत नाही. पण दुपारी पाणी प्यायला मी गेलो तेव्हा तांब्या त्यांच्यासाठीही भरून आणला, आणि तो कोणी सांगितले म्हणून आणला नव्हता.

गंगाकाकी गडग्यापलीकडून पाहत होती. ती नात्याने बाबांची भावजय. तिच्या जिभेला वाडीत सगळे वचकून असत.

"अगो पार्वते," ती आईला म्हणाली, "परड्याला लुगडं नेसवलान गो तुज्या घोवानं! आता चोळी कदी शिवणार हायत, विचार."

"वयनी काय म्हणते?" बाबांनी मला विचारले.

"चांगलं झालंय म्हणते."

"मग!" बाबा म्हणाले, आणि गंगाकाकीला त्यांनी हात केला. काकीला इतके हसू आले की तिला गडगा धरून उभे राहावे लागले.

लव्हाळ्याचे पाते टोकदार असते. न्हाणीचे पाणी खालून जात होते, ऊब होती. आठवडा उलटला नाही तोच गोणपाटावर हिरवी टोके दिसू लागली. ती विणीतून वर आली होती. जिथे दोन सुतळ्या एकमेकींवरून जातात तिथल्या चिमटीतून. आणि आता ती उपटताही येईनात, कारण पाते वर, गाठ खाली, मध्ये घट्ट शिवलेले कापड. आता कृषी खात्याची मुले माझ्या लेकाला काळ्या प्लास्टिकचे आच्छादन दाखवायला येतात. लव्हाळा त्यालाही भोक पाडून येतो. मुलांना त्याचे आश्चर्य वाटते.

बाबा ती टोके पाहत उभे होते. आई मागून आली. तिनेही पाहिले. ती हळूच म्हणाली, "असू दे. तुमी दमलाव. चाय टाकते." आणि कपबशी घेऊन आली.

मी तेव्हा सोळा वर्षांचा होतो आणि माणसांच्या चेहऱ्यांकडे पाहण्याची मला आवड नव्हती. तरी त्या चहाच्या वेळी बाबांच्या चेहऱ्याकडे मी पाहिले. हे मात्र त्यांना मोठ्याने परत सांगावे लागले नव्हते. ज्या माणसाच्या फसलेल्या कामावर घरातले कोणी चिडत नाही, तो माणूस त्या घरात कामाला नसतो.

दुसऱ्या दिवशी त्यांनी चिरे हलवले आणि गोणपाट उचलायला घेतला. तो सुटेना. पात्यांनी तो जमिनीला शिवून टाकला होता. विळ्याने पाती कापत कापत आम्ही तो गुंडाळत गेलो. खालची जमीन मी पाहिली आणि थांबलो. भर उन्हाळ्यात ती ओली आणि भुसभुशीत होती. चहाच्या चोथ्यासारखी. लव्हाळ्याचे जे कोंब विणीत वाट न मिळून अडकले होते ते पांढरे, लांब, दोऱ्यासारखे झाले होते. बाबांनी एक कोंब चिमटीत धरून ओढला. नेहमी तो तुटतो. या वेळी तुटला नाही. कोंबामागून गाठ आली, गाठीमागून मूळ, मुळाला दुसरी गाठ, मग तिसरी. मण्यांची माळ यावी तशी. त्यांनी ती नाकाशी नेली आणि मग माझ्या नाकाशी धरली. दिवाळीच्या उटण्याचा वास होता.

"मरत नाय," बाबा म्हणाले. "पन सुटतो."

एवढेच ते बोलले. सगळी विद्या त्यात होती. झाकण गवत मारण्यासाठी नव्हते, माती सैल ठेवण्यासाठी होते. आणि ते शिवलेले नको होते, हाताने बाजूला करता येईल असे हवे होते. म्हणजे पुन्हा पातेराच. पण या वेळी त्यांना आठवले, की कातळाच्या पलीकडच्या उतारावरच्या काजूंखालचा पातेरा कोणी आणत नाही. तेवढा भार घेऊन चढ चढायची कोणाची तयारी नसते. दुहेरी शिवलेला तो तागा त्यांनी बसून पुन्हा उसवला आणि त्याच्या गोण्या केल्या. त्या गोण्यांत भरून रोज सकाळी आम्ही काजूचा पातेरा आणू लागलो. गंगाकाकी म्हणाली, "लुगडं सोडलान आनी झोळी केलान. आता भिक्षेलाच निघताव काय, भावजी?" मी ते भाषांतर न करता सोडून दिले.

ज्येष्ठात हळद लावली. त्या तीन कोंबांचे गड्डे आणि गंगाकाकीने न मागता गडग्यावर आणून ठेवलेले टोपलीभर. वर वीतभर पातेरा. मग बाबांचा जो नेम सुरू झाला तो मला आजही दिसतो. चहा झाला की ते पाट घेऊन परड्यात जात. एका टोकाला बसून पातेरा हाताने दूर करत, खाली पांढरा कोंब दिसला की चिमटीत धरून हळूहळू गाठीसकट ओढून काढत, पातेरा परत सारखा करत आणि पाट एक हात पुढे सरकवत. घाई नाही. सांच्यांच्या गोंगाटात तुटलेला धागा कानांनी कळत नाही, डोळ्यांनीच शोधावा लागतो. ती नजर त्यांना होती. आमच्या नजरेला पातेरा दिसे, त्यांच्या नजरेला त्यातले एक वर उचललेले पान दिसे.

सुरुवातीला आईने त्या गाठी सुपात घेऊन धुतल्या आणि अंगणात वाळत घातल्या. "उटन्याला होतील," ती मला म्हणाली. मी ते बाबांना सांगितले नाही. तिने सूप त्यांच्या समोरूनच नेले होते.

पुढे पाऊस लागला, अंगण भिजले आणि गाठी वाळवण्याचा प्रश्न संपला. आई लावणीत, मग भाताच्या बेणणीत गुंतली. सकाळी काळोखात पेज घेऊन जाई ती दिवे लागताना इरले खांद्यावर टाकून परत येई. परड्यात काय चालले आहे ते पाहायला तिला उसंत नव्हती. हळद कमरेएवढी झाली. वाफ्यांतला लव्हाळा विरळ होत होत दिवसाला ओंजळभरच निघू लागला. पातेरा कुजून काळा पडला, त्याखाली गांडुळे आली. संध्याकाळी ओटीवर बसण्याऐवजी बाबा मागच्या पायरीवर बसू लागले होते.

हरतालिकेच्या दिवशी सकाळी आई पानांसाठी परड्यात आली. गणपतीच्या मोदकांखाली हळदीची पाने लागतात. गेल्या साली ती शेजारून मागावी लागली होती. तिने वाफ्यांवरून नजर फिरवली. एक पान हातात धरले, कोपरापर्यंत लांब होते. तिच्या तोंडावर जे आले ते मला नीट दिसायच्या आत बाबा टोपली घेऊन तिच्या पुढून गेले आणि टोपलीतल्या लव्हाळ्याच्या गाठी त्यांनी गायरीत, म्हणजे शेणाच्या खड्ड्यात, ओतल्या. गिरणीत रद्दी सुताचा जसा एक ढीग असतो, तसा हा गावचा ढीग, असे त्यांनी गृहीत धरले होते.

आईच्या हातातले पान खाली पडले.

"काय केलाव?"

बाबांनी मान हलवली.

"मान काय हलवताव! काय टाकलाव थय?"

मी तोंड उघडणार होतो. गरज पडली नाही.

"गायरीत टाकलाव? ह्यो शेनखत खयं जातो ठावक हाय काय? शेतात जातो! परड्यातला लव्हाळा काढून माज्या भाताच्या शेतात पेरताव काय? कदीपासून टाकताव? पाऊस लागल्यापासून? देवा माज्या! एक लव्हाळा काढायला सांगितला तर गावभर वाटायला निगाले! डोळं हायत ना? विचारायला तोंड हाय ना? का मुंबयला ठेवून आलाव?"

हे तिने ज्या आवाजात म्हटले त्या आवाजाने गाय उठून उभी राहिली. गंगाकाकी गडग्यापाशी आली आणि, माझ्या माहितीत पहिल्यांदाच, काही न बोलता परत गेली. आई थांबली नाही. लावणीत एकटीने काढलेले दिवस त्यात आले, न्हाणीचे फुटलेले दगड आले, ट्रंक जिथे मधेच ठेवली होती ती जागा आली. बाबा रिकामी टोपली घेऊन उभे होते आणि तिच्या तोंडाकडे पाहत होते. त्यांना सगळे ऐकू येत होते. मला ते त्यांच्या डोळ्यांवरून कळले. माझ्याकडे त्यांनी एकदाही पाहिले नाही.

ती दमली तेव्हा ते म्हणाले, "काढतो."

"सगळं काढा."

"सगळं काढतो."

त्यांनी धोतर खोचले आणि गायरीत उतरले. मीही उतरणार होतो. आईने मला हाताने थांबवले. गुडघाभर शेणात वाकून ते एकेक गाठ वेचून टोपलीत टाकू लागले. पावसाची भुरभुर चालू होती. शेणात लव्हाळ्याची गाठ शोधणे हे काम काय असते ते मी वर्णन करत नाही. मध्येच आईने वरून बोट दाखवले, "तिकडं. त्या कोपऱ्यात. दिसत नाय काय?" आणि ते तिकडे सरकले.

अशा वेळी दौलतकाका आले. सकाळच्या गाडीने उतरून घरोघर भेटत निघाले होते. अंगात इस्त्रीचा शर्ट, हातात छत्री. ते घराला वळसा घालून मागे आले आणि गायरीच्या काठावर थबकले.

"अरे, ह्ये काय?" ते म्हणाले. "मी तुला जिन्याखाली खोली बघून आलो आणि तू शेणात? काय ठरवलंस? हो म्हणून सांगू ना?"

बाबांनी कंबर सरळ केली. एका हातात गाठी होत्या, दुसरा हात कोपरापर्यंत बरबटला होता. त्यांनी दौलतकाकांकडे पाहिले, मग आईकडे. आई हळदीची पाने गोळा करत होती. ती वर पाहत नव्हती, पण तिचे हात थांबले होते.

"दुसरा कोन बघ," बाबा म्हणाले. "मी कामात हाय."

आईचे हात पुन्हा चालू झाले. पाने घेऊन ती आत गेली. थोड्या वेळाने दोन चहा घेऊन बाहेर आली.

"हात धुवा आदी," ती बाबांना म्हणाली, मोठ्याने.

निळ्या फुलांची कपबशी तिने दौलतकाकांच्या हातात दिली. बाबांचा चहा जर्मनच्या पेल्यात होता, आणि दूध पाहुण्यापुरतेच असल्यामुळे, कोरा होता.